चावडीवरची बाई आणि विकतचा पाऊस

माझ्या नवऱ्याने अकरा वर्षं नातेवाइकांना एकच सांगितलं, की आमची ही 'कम्प्युटरच्या कंपनीत' आहे. खोटं नव्हतं ते. पण पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून तो लगेच चहाचं विचारायचा. कारण खरं उत्तर असं होतं, की पन्नाशीला आलेली ही बाई रोज सकाळी डबा घेऊन निघते, अमरावतीच्या राजापेठेत एका टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसते आणि मोबाइलवर खेळणाऱ्या लोकांची भांडणं सोडवते. आता मी घरी बसले आहे, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही. शिवाय नोकरी चांगली होती. तिच्यात मी एक मोठी चूक केली, तीही सांगणार आहे. पण आधी खेळ समजून घ्या, म्हणजे चूक समजेल.

खेळाचं नाव 'बारा गावं'. अमरावतीच्याच तीन इंजिनियर पोरांनी तो बनवला होता. त्यातला निखिल हा मालक. माझ्या मोठ्या मुलाहून दोन वर्षांनी लहान, पण पगार तो द्यायचा, म्हणून मी त्याला सर म्हणायचे आणि तो मला काकू म्हणायचा. खेळात बारा गावं आणि प्रत्येक गावात चाळीस खेळणारे. प्रत्येकाला एक वावर, एक बैलजोडी, एक गाडी. पेरायचं, निंदायचं, कापायचं आणि गुरुवारी सगळ्या गावाने मिळून माल बाजाराला न्यायचा. ज्या गावाचा माल जास्त ते गाव वरचढ. गंमत अशी, की हे सगळे खरे लोक. तुमच्या शेजारच्या वावरात जो निंदतोय तो खरोखरचा माणूस, कुठल्या तरी गावी आपल्या घरात मोबाइल घेऊन बसलेला. त्याच्याशी बोलता येतं, भांडता येतं, त्याची गाडी उलटली तर हात देता येतो. कोणाला काही अडचण आली तर खेळात चावडीचं बटण होतं. ते दाबलं की फोन मला लागायचा. त्यामुळे मी चावडीवरची बाई.

मी त्याआधी केबलवाल्याच्या ऑफिसात तक्रारी घेत होते. "मॅच चालू असताना ज्याची केबल गेली त्याच्याशी तुम्ही बोललात ना, मग कोणाशीही बोलू शकाल," असं निखिल मुलाखतीत म्हणाला आणि उद्यापासून या म्हणाला. मला खेळाचं ओ की ठो कळत नव्हतं. पण तक्रार ही तक्रार असते. माणसाला आधी बोलू द्यायचं, मग पाणी पिऊ द्यायचं, मग उपाय सांगायचा. अकरा वर्षांत मी एकदाही आपणहून फोन ठेवला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

असा खेळ एकदा विकून मोकळं होता येत नाही, हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. सारीपाट घेतला, घरी आणला, संपलं. इथे लोक एकमेकांना दिसावेत म्हणून मोठे कम्प्युटर अष्टौप्रहर चालू ठेवावे लागतात, ते सांभाळणारी माणसं लागतात, माझ्यासारखी बाई लागते. म्हणजे पैसा दर महिन्याला लागतो. सुरुवातीला आमची महिन्याची वर्गणी होती, नव्व्याण्णव रुपये. कागदावर तिचं नाव सबस्क्रिप्शन, पण वर्गणी म्हटलं की आपल्या लोकांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. ज्यानं मंडळाला वर्गणी दिली त्याला मंडळाच्या बैठकीत ओरडायचा हक्क असतो, मग त्यानं अकरा रुपये का दिलेले असेनात.

हा हक्क पुरेपूर बजावणारे गृहस्थ म्हणजे चांदूर बाजारचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. सातव्या गावात खेळायचे. ते फोन करत नसत, पत्र पाठवत. ईमेलवर, पण पत्रच. वर विषय, खाली संदर्भ, शेवटी 'कळावे'. एका पत्राचा विषय होता, 'कपाशी ज्वारीच्या आधी घरात येत असल्याबाबत'. आमच्या पोरांनी कपाशी सहा दिवसांत आणि ज्वारी आठ दिवसांत पिकेल असं ठरवून टाकलं होतं. गुरुजींनी विचारलं होतं, 'हे आपण कोणत्या शिवारात पाहिले?' ऑफिसात सगळे हसले, पण ते दुरुस्त केलं. करावंच लागलं, कारण गुरुजींनी वर्गणीची पावती सोबत जोडली होती. मग त्यांनी नक्षत्रांची यादी पाठवली, कोणत्या नक्षत्राचं वाहन काय त्याच्यासकट. तेव्हापासून खेळात पाऊस तसा पडू लागला. वाहन म्हैस असली की धो धो, कोल्हा असला की नुसती हूल. बारा गावांना सारखाच. दुसऱ्या कुठल्या खेळात असा पाऊस नसेल. ते सगळं गुरुजींच्या नव्व्याण्णव रुपयांत झालं.

पण वर्गणीची दुसरीही बाजू होती, आणि ती मला कुसुमताईंनी दाखवली. त्या अंजनगाव सुर्जीच्या. घरचा मळा, भाजी काढायची आणि बाजारात बसून विकायची. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की तासभर त्या खेळात यायच्या. त्याही सातव्या गावातल्या. वर्षातून दोन-तीन महिने त्यांना वर्गणी जमायची नाही. मग त्या आधी मला फोन करायच्या.

"मॅडम, हा महिना मी नाई येऊन राहिली. पोरीयच्या वह्या-पुस्तकाचा महिना हाये. माह्या वावराकडे जरा पाहजा."

मी "पाहीन" म्हणायचे. पाहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. वर्गणी थांबली की वावराला कुलूप लागायचं आणि आत तण माजायचं, तशी रचनाच होती. शेजारचे खेळणारे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बघायचे, पण त्यांनाही आत जाता यायचं नाही. कुसुमताई परत आल्या की पंधरा दिवस नुसतं तण काढत बसायच्या आणि मला फोनवर सांगायच्या, "गुडघ्याएवढं झालं होतं बाप्पा." तक्रार नव्हती ती. पण मला फार लागायचं. नव्व्याण्णव रुपयांसाठी बाईला धुऱ्यावर उभं करायचं, हे मला पटत नव्हतं.

म्हणून निखिलने जेव्हा सगळ्यांना बसवून विचारलं, की पुण्याचे काही लोक पैसा घालायला तयार आहेत, पण त्यांचं म्हणणं खेळ फुकट करा, तर तुम्हाला काय वाटतं, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. मी कुसुमताईंची गोष्ट सांगितली. इतकी चांगली सांगितली, की हिशेब बघणाऱ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "फुकट करा," मी म्हटलं, "कोणाला कुलूप नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही फार बरं वाटलं, ते लपवत नाही. निखिलवर मी आजही राग धरत नाही. वर्गणीवर चौदा जणांचे पगार निघत नव्हते आणि तो ते कोणाला सांगत नव्हता.

फुकट म्हणजे काय, ते मला महिनाभराने समजलं. दार उघडं ठेवायचं आणि आत दुकान मांडायचं. बहुतेक लोक काहीच घेत नाहीत, मूठभर घेतात, आणि त्या मुठीवर सगळा गाडा चालतो. मग प्रश्न असा येतो, की दुकानात ठेवायचं काय. चांगले कपडे ठेवले, बैलांची झूल ठेवली, कोणी घेईना. आपला माणूस बैलाला झूल पोळ्याला घालतो, रोज कशाला घालेल? मग पुण्याहून सल्ला आला, की लोकांना ज्याच्यावाचून अडतं ते दुकानात ठेवा.

आणि आम्ही आभाळातला पाऊस काढून दुकानात ठेवला. एकोणीस रुपये, एका वावराला एक पाऊस. नक्षत्रं, वाहनं, सगळं गेलं. मी बोलले नाही असं नाही. "सर, हे बरं दिसत नाही," म्हटलं. निखिल म्हणाला, "काकू, फुकट करा तुम्हीच म्हणालात."

लोक मात्र धो धो आले. बाराची साठ गावं झाली. कुसुमताई आता बाराही महिने यायच्या. आणि माझं काम बदललं. माझ्या जोडीला तक्रारी घ्यायला दोन मुली ठेवल्या आणि मला दर सोमवारी एक यादी मिळू लागली, जास्तीत जास्त खरेदी करणाऱ्यांची. या धंद्यात अशा गिऱ्हाइकाला देवमासा म्हणतात. आपल्या पूर्णा नदीत देवमासा कुठला, म्हणून आम्ही नुसतं 'मोठे' म्हणायचो. मोठ्यांना फोन करायचा, घरचं विचारायचं, वाढदिवसाला शुभेच्छा द्यायच्या आणि निघता निघता दुकानात नवीन काय आलंय ते सांगायचं. माझे फोन पुण्यात कोणीतरी ऐकायचं. एकदा एका खूश गिऱ्हाइकाच्या फोनवर त्यांनी शेरा मारला, 'ग्राहक अतिशय संतप्त'. मी कळवलं, की नाही हो, वऱ्हाडात प्रेमाने असंच बोलतात.

ते खूश गिऱ्हाईक म्हणजे दिगांबर. पातूरचा, माळ्याचा. झेंडू आणि शेवंती करायचा आणि अकोल्याच्या बाजारात फुलं घालायचा. चाळिशीतला. सातव्या गावाचा पाटील तो, म्हणजे गुरुजींचा आणि कुसुमताईंचा पुढारी. यादीत त्याचं नाव तीन महिने पहिलं होतं. पुण्याच्या लोकांचा अंदाज असा, की याला मिरवायची हौस आहे, याला सोन्याचा फेटा विका. मी फोन केला आणि फेट्याचं सांगितलं.

"फेटा कायले पायजे मॅडम?" तो म्हणाला. "फेटा घालून निंदाले जाऊ काय?"

"मग एवढी खरेदी कशाची होते दिगांबरभाऊ?"

"पावसाची."

"एका वावराला इतका पाऊस?"

"एकाले कायले? चाळीस वावरं हाये ना गावात. माह्या एकट्याच्या वावरात पानी पडन आन धुऱ्यापलीकडे कोरडं राहीन, असा पाऊस असते काय कुठी?"

दुकानात 'भेट द्या' असं एक बटण होतं. मित्राला वाढदिवसाला काही घेऊन द्यावं म्हणून ठेवलेलं. हा माणूस दर गुरुवारी सकाळी अकोल्याला निघण्याआधी ते बटण एकोणचाळीस वेळा दाबत होता. आम्ही पाऊस एका वावराचा म्हणून विकायला काढला होता, आणि याला तसा पाऊस असतो हेच मंजूर नव्हतं. दुसऱ्या कुठल्या मुलुखातल्या गिऱ्हाइकाने ही चूक केली नसती. पुण्याच्या कागदावर मात्र ती हौस म्हणून लागत होती.

"गावाला माहीत आहे का हे?" मी विचारलं.

"कायले सांगाव? लोकायले वाटते पाऊस पडून राहिला. वाटू द्या."

त्याच आठवड्यात कुसुमताई सहज बोलल्या, "बरं झालं मॅडम तुमी फुकट केलं. आन पाऊस बी कसा वेळेवर पडून राहिला." मी "हो ना" म्हटलं आणि विषय बदलला. कोणाची खरेदी दुसऱ्याला सांगायची नाही, हा आमचा पक्का नियम होता. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यात दिगांबरचं कौतुकच वाटलं होतं. नुकसान दिसलं नव्हतं.

ते पुढच्या ऑगस्टमध्ये दिसलं. खेळात दुष्काळ आणायचा असं वरून ठरलं. चार महिने दुष्काळ. पावसाचा भाव तीस रुपये झाला, आणि आठवड्याला एक घेतला नाही तर पीक करपणार, गाव खाली जाणार. आणि त्याच दिवशी दुकानात 'अख्खा पावसाळा' आला, चार महिन्यांचे सगळे पाऊस एकत्र, एका वावराला चारशे साठ रुपये. सोमवारी सकाळी यादी आली. पहिलं नाव दिगांबर, चाळीस पावसाळे. अठरा हजारांच्या वर.

मंगळवारी दुपारी चावडीचा फोन वाजला. नंबर दिगांबरचा, आवाज बाईचा.

"पाऊसवाल्या मॅडम तुमीच काय?"

मी म्हटलं, मी चावडीवरून बोलते आहे, आपण कोण.

"मी रेखा. दिगांबरची घरवाली. हे फुलं घेऊन अकोल्याले गेले, मोबाइल घरी हाये." मग ती म्हणाली, "आमी झेंडूले ठिबक टाकणार होतो. दुकानदारानं पाइप काढून ठेवले होते. काल हे मने, पैसे नाई. म्या मेसेज वाचला, तं अठरा हजाराचा पाऊस घेतला यायनं. भांडाले नाई फोन केला मॅडम. मले एवढंच सांगा, थो पाऊस पडते कुठी?"

तीच बोलत राहिली. विहीर दिवसातून चार तास चालते. पाटाने पाणी दिलं तर अर्धेच वाफे भिजतात. ठिबक या आठवड्यात पडलं तर झेंडू दसऱ्याला येईल. "दसऱ्यानंतर आलेल्या झेंडूले कोन विचारते?" ती म्हणाली. अर्धा एकर झेंडू, आणि त्यांचं वर्षाचं सगळं त्याच्यावर.

मी तिला म्हटलं, संध्याकाळपर्यंत काहीतरी करते. आमच्याकडे पैसे परत करायचा एक फॉर्म होता, पण त्यावर गिऱ्हाइकाने स्वतः सांगावं लागे, की खरेदी चुकून झाली. चार वाजता दिगांबर घरी आला तेव्हा मी त्याला फोन केला आणि म्हटलं, फक्त 'चुकून' एवढं म्हणा, बाकी मी भरते.

"पन चुकून नाई झाली ना मॅडम. म्या पाहून बटन दाबलं."

"म्हणायला काय जातं भाऊ? झेंडूचा विचार करा."

"झेंडूचं पाहतो मी काही. पन गावाले पानी पाजलं आन आता म्हनू का चुकून पाजलं? नाई जी. थे नाई होनार माह्याच्यानं."

मी अर्धा तास समजावलं. तो आवाज न चढवता नाही म्हणत राहिला. त्याच्या मागे रेखा भांडी आवरत होती, ते ऐकू येत होतं. फोन त्यानेच ठेवला.

आता एकच रस्ता उरला होता. भेट ज्याला दिली त्याच्याकडे सात दिवस असतात. त्या सात दिवसांत, आधी 'घ्या' दाबलेलं असलं तरी, त्याने 'नको' दाबलं, तर पैसे देणाऱ्याला परत जातात. काहीच दाबलं नाही, तर भेट घेतली असं धरतात. 'घ्या' हे बटण हिरवंगार, तळहाताएवढं, त्यावर देणाऱ्याचं नाव नाही, म्हणून लोक पाऊस आला समजून ते दाबून टाकायचे. 'नको' खाली कोपऱ्यात, करड्या रंगाचं, चष्मा लावून शोधावं असं. तोवर ते कोणी दाबलेलं मी पाहिलं नव्हतं. पण गावाला हे सांगणार कोण? मला नियम होता, आणि दिगांबरने तोंड बंद ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी मी गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, किती महिने झाले, तुमचं पत्र नाही."

"पत्र कायले लिहू बाई?" ते म्हणाले. लिहिताना पुस्तकी, पण बोलताना ते आपलेच होते. "आता वर्गणी नाई देत मी. फुकटच्या पंगतीत मीठ कमी हाये म्हनाचं असते काय?"

हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, गुरुजींची तब्येत बरी नसेल. फुकट केल्यावर त्या माणसाने आपला ओरडायचा हक्क मुकाट्याने खाली ठेवला होता.

"पण गुरुजी," मी म्हटलं, "खेळात एवढा दुष्काळ, आणि तुमच्या गावात दर गुरुवारी पाऊस कसा?"

मग गुरुजी म्हणाले, "ठेवतो." तासाभरात पत्र आलं. विषय, 'आमच्या गावातील पावसाच्या उगमाबाबत'. मी उत्तर लिहिलं, की पाऊस आता दुकानात मिळतो. आपल्या गावाला तो कोणीतरी भेट देत आहे. कोण, ते सांगता येत नाही. भेट नको असल्यास सात दिवसांत 'नको' दाबता येते, रक्कम देणाऱ्याला परत जाते. यातलं एकही वाक्य नियमाबाहेरचं नव्हतं. सगळं आमच्या मदतीच्या पानावर छापलेलंच होतं, फक्त ते पान कोणी वाचत नाही. मी स्वतःवर खूश होते.

गुरुजींनी ते पत्र गावाच्या पारावर, म्हणजे जिथे सगळे आपसात लिहितात तिथे, टाकलं आणि बहुतेकांचं वाचून झाल्यावर पुसून टाकलं. दिगांबर तेव्हा बाजारात होता. नाव नसलं तरी ओळखायला किती वेळ लागतो? दुपारी कुसुमताईंचा फोन आला.

"मॅडम, थे 'नको' कुठी हाये?"

"खाली उजवीकडे बघा. बारीक आहे."

"दिसलं." मग त्या म्हणाल्या, "आमी फुकट समजत होतो ना बाप्पा. थो बिचारा पानी पाजून राहिला आन आमी त्याच्या झेंडूच्या जीवावर बाजार करून राहिलो. माहं वावर वाळलं तं वाळू द्या."

शुक्रवारपर्यंत एकोणचाळीस जणांनी 'नको' दाबलं. एक जण लग्नाला नागपूरला होता, त्याला गुरुजींनी फोन करून दाबायला लावलं. दिगांबरला लाज वाटू नये म्हणून पारावर याबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही, असंही त्यांनी ठरवलं. निखिलने मला बोलावून विचारलं, "काकू, एका गावातून एकोणचाळीस परतावे, काय प्रकार आहे?" मी म्हटलं, लोकांनी मदतीचं पान वाचलं असेल. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला आणि जा म्हणाला. पुढच्या सुधारणेत ते करडं बटण आणखी आत गेलं, पण आमचं काम झालं होतं. सोमवारी पैसे दिगांबरच्या खात्यात आले. बुधवारी रेखाचा फोन आला, की पाइप टाकले, सगळे वाफे भिजले. "लय उपकार झाले," ती म्हणाली. मी त्या दिवशी घरी जाताना पेढे नेले आणि नवऱ्याला म्हटलं, आता लोकांना माझी नोकरी खुशाल सांग.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी दिगांबरचा फोन आला.

"मॅडम, माहं खातं बंद करा."

मी कारण विचारलं.

"काल उघडून पाहलं. माहा एकट्याचा तेवढा पावसाळा राहिला होता ना. माह्या एकट्याच्या वावरात पानी पडून राहिलं होतं. चौफेर धूळ. सारे आपापल्या वावरात उभे, कोनी बोललं बी नाई माह्याशी."

"भाऊ, त्यांनी तुमच्यासाठीच..."

"समजते मले. पैसे आले, बरं झालं. रेखा खुश हाये, झेंडू बी बरा हाये." मग म्हणाला, "पन मॅडम, वाढलेलं ताट साऱ्या पंगतीनं सरकवून देल्लं तं वाढनाऱ्यानं कोन्या तोंडानं उभं राहाव? त्यायले कसं माहीत पडलं? माहं काई चुकलं होतं काय?"

तेव्हाच मला सांगायला हवं होतं, की मी केलं. गुरुजींना डिवचलं मी, करडं बटण दाखवलं मी. एका वाक्याचं काम होतं. लोकांना बोलू देणारी, कधी फोन न ठेवणारी मी, मला ते वाक्य काढता आलं नाही. मी म्हटलं, "नाही भाऊ, तुमचं काही चुकलं नाही." तो "बरं" म्हणाला.

खातं बंद करताना चावडीवाल्याला एक फॉर्म भरावा लागे. त्यात कारणं छापलेली. खेळ महाग वाटतो. वेळ मिळत नाही. मोबाइल बदलला. इतर. 'इतर' निवडलं तर पुढे एक रकाना उघडायचा. पुण्यात तो कोणी वाचत नसे, मला माहीत होतं. त्या रकान्यात मी लिहिलं, 'याने गावाला दिलेला पाऊस गावाने परत केला. परत करायला मी लावलं, आणि ते त्याला सांगितलं नाही.' मग सेव्ह केलं आणि पुढचा फोन घेतला.